कच्छची शेवटची चिल्लर : त्रांबियो, दोकडो, ढिंगलो, ढबू आणि ‘जय हिंद’वाली कोरी – नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुन्या डब्यात, आजीच्या पेटीत, नाहीतर जुन्या बाजारातल्या ढिगात कधीतरी एखादं तांब्याचं नाणं हाताला लागतं, एका बाजूला उर्दूसारखं काहीतरी आणि दुसऱ्या बाजूला देवनागरी, मधे कधीकधी भोक, आणि मग प्रश्न सुरू होतात. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. हे सगळं कच्छ संस्थानच्या शेवटच्या काही वर्षांबद्दल आहे, म्हणजे साधारण १९३६ ते १९४८, आणि त्यातही भर तांब्याच्या बारक्या नाण्यांवर आहे कारण चांदीवर सगळेच बोलतात.

कच्छच का? ते काय लहान संस्थान होतं का?

क्षेत्रफळाने बघाल तर अजिबात लहान नाही, आणि १७ तोफांच्या सलामीचा मान होता म्हणजे मानमरातबातही वरच्या फळीत. पण माणसं किती? १९४१ च्या सुमाराला पाच लाखांच्या आसपास. उत्तरेला रण, दक्षिणेला समुद्र, आणि स्वातंत्र्य मिळालं तेव्हा बाकीच्या भारताला जोडणारी रेल्वेसुद्धा नव्हती, डीसा ते गांधीधाम ही लाइन १९५२ मध्ये सुरू झाली. म्हणजे एका बाजूला पडलेला, आपला आपण चालणारा मुलूख. हैदराबादसारख्या बड्या संस्थानाने स्वतःचं चलन टिकवलं त्यात मला फार नवल वाटत नाही, पण एवढ्याशा लोकसंख्येच्या कच्छने पाच-सात प्रकारची स्वतःची नाणी अगदी विलीन होईपर्यंत पाडली ही गोष्ट मला खरंच भारी वाटते.

त्या काळात साडेपाचशेच्या वर संस्थानं होती पण १९४० नंतर स्वतःच्या नावाची नाणी काढणारी मोजकीच उरली होती: हैदराबाद, त्रावणकोर, जयपूर, जोधपूर, मेवाड, ग्वाल्हेर, आणि आपलं हे कच्छ. बाकीच्यांच्या टांकसाळी इंग्रजांनी कधी गोड बोलून कधी दबाव टाकून आधीच बंद करवल्या होत्या.

कोरी म्हणजे नक्की काय?

कोरी हे कच्छचं मुख्य चांदीचं नाणं, आपल्याकडे रुपया तशी तिकडे कोरी. वजन ४.७ ग्रॅमच्या आसपास आणि चांदी सुमारे ६० टक्के, म्हणजे हातात घेतली तर रुपयापुढे अगदी हलकी लागते.

मूळ बरंच जुनं आहे. गुजरातचा शेवटचा सुलतान मुझफ्फर तिसरा, त्याच्या छोट्या चांदीच्या नाण्याच्या नमुन्यावर कच्छच्या जाडेजा घराण्यातल्या रावांनी (राव म्हणजे तिथले राजे) आणि शेजारच्या नवानगरच्या म्हणजे जामनगरच्या जामांनी (तिथले राजे) कोऱ्या पाडायला सुरुवात केली, पुढे पोरबंदर आणि जुनागडच्याही कोऱ्या निघाल्या. कच्छमध्ये अशी गोष्ट सांगतात की राव भारमल पहिले अहमदाबादला जहांगीर बादशहाला भेटले आणि हज यात्रेकरूंना कच्छच्या बंदरातून फुकट जाऊ द्यायचं या बोलीवर त्यांना स्वतःचं नाणं पाडायचा हक्क मिळाला. ती भेट १६१७ च्या सुमाराची.

१९४८ ला जी कोरी बंद झाली तिचा धागा असा पार सोळाव्या शतकापर्यंत जातो.

तांब्याच्या नाण्यांची नावं आणि हिशेब कसा? कायम गोंधळ होतो.

गोंधळ होणारच, कारण यात निम्मं-पाव सरळ चालत नाही, मधेच तीनचा पाढा येतो. खालून वर जाऊ या म्हणजे सोपं पडेल.

सगळ्यात लहान त्रांबियो. एका कोरीचे ४८ त्रांबिये. दोन त्रांबिये म्हणजे एक दोकडो, म्हणून कोरीचे २४ दोकडे. तीन त्रांबिये म्हणजे एक ढिंगलो, म्हणून कोरीचे १६ ढिंगले. सहा त्रांबिये म्हणजे एक ढबू, कोरीचे ८ ढबू. त्याच्यावर पायलो म्हणजे पाव कोरी, आधियो म्हणजे अर्धी कोरी, आणि मग कोरी. कोरीच्या वर अडीच कोरी आणि पाच कोरी अशी चांदीची मोठी नाणी, त्यांच्यात चांदीचं प्रमाण खूप जास्त, ९३-९४ टक्क्यांच्या घरात.

गंमत दोकडो आणि ढिंगलोच्या नात्यात आहे. एक ढिंगलो म्हणजे दीड दोकडो! आधीच्या काळातल्या नाण्यांना तर सरळ ‘दीड दोकडा’ आणि ‘तीन दोकडा’ असंच म्हणत, शेवटच्या वर्षांत ढिंगलो आणि ढबू ही लोकांच्या तोंडातली नावं नाण्यांना मिळाली. म्हणजे जुनं तीन दोकडा आणि नंतरचा ढबू किमतीने एकच. लिलावाच्या यादीत दोन वेगळी नावं बघून दोन वेगळी किंमत समजू नका.

हे दोन पाढे एकत्र का ठेवले असतील असं बरेच जण विचारतात. बाजाराच्या बाजूने बघा. एका बाजूला कोरी अर्धी-पाव-अष्टमांश अशी मोडत जाते, १६ ढिंगल्यांपर्यंत, म्हणजे रुपयाचे १६ आणे तसंच. दुसऱ्या बाजूला २४ आणि ४८ ला तीननेही भाग जातो, त्यामुळे कोरीचा तिसरा हिस्सा काढायचा तर सरळ ८ दोकडे, नाणं फोडायला नको की अपूर्णांक नको. १०० च्या हिशेबात वाढलेल्या आपल्याला हे किचकट वाटतं, पण १०० ला तीनने भागायला सांगा कोणाला, लगेच ३३ वर अडकतो. बोटांच्या पेरांवर हिशेब करणाऱ्या माणसाला २४ चा आकडा १०० पेक्षा जास्त सोयीचा होता असं माझं मत आहे.

मग रुपयात किती व्हायचे?

ठोकळ मानाने एका रुपयाला पावणेचार कोऱ्या. जुन्या सरकारी नोंदीत १०० रुपयांना ३७९ कोऱ्या असा भाव सापडतो. हा आकडा हवेतला नाही. रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. कोरीत ४.७ चे ६० टक्के म्हणजे २.८ ग्रॅम. आता १०.७ ला २.८ ने भागा, उत्तर ३.८ च्या आसपास. म्हणजे भाव चांदीवरूनच ठरलेला होता! बाजारात तो थोडा खालीवर व्हायचा, सराफ आपला बट्टा घ्यायचा ते वेगळं.

त्या भावाने बघितलं तर त्रांबियो म्हणजे जवळपास आपली एक पै (रुपयाच्या १९२ पै असायच्या), ढिंगलो म्हणजे जवळपास एक पैसा, ढबू म्हणजे दोन पैसे म्हणजे अर्धा आणा, पायलो एक आणा आणि कोरी चार आण्यांच्या थोडी वर. आपल्याकडच्या ढब्बू पैशाचीही हीच पायरी.

आता युद्धाच्या काळात काय झालं बघा. १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने रुपयातली चांदी एकदम ५० टक्क्यांवर आणली, म्हणजे रुपयात उरली फक्त ५.८ ग्रॅम. कोरीत मात्र तीच २.८. चांदीपुरतं बघितलं तर आता दोन कोऱ्यांतच एका रुपयाएवढी चांदी, आणि हिशेबात मात्र रुपयाला पावणेचार. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? कोरी घरात ठेवेल आणि रुपया खर्चून टाकेल. म्हणून मला वाटतं शेवटच्या वर्षांतला रोजचा व्यवहार समजून घ्यायचा असेल तर चांदी सोडून तांब्याकडे बघायला हवं, खरी फिरणारी नाणी तीच होती, आणि म्हणूनच ती एवढी झिजलेली सापडतात.

नाण्यावर काय लिहिलंय ते कसं वाचायचं?

कच्छच्या नाण्याला दोन मालक आहेत, एका बाजूला एक. फारसी लिपीतली बाजू इंग्लंडच्या राजाची: त्याचं नाव, ‘कैसर-ए-हिंद’सारखी पदवी, आणि ‘झर्ब भुज’ म्हणजे भुजला पाडलेलं. नागरी बाजू कच्छच्या रावांची: ‘महाराउ श्री’ असं सुरू होऊन खेंगारजी, विजयराजजी किंवा मदनसिंहजी. मोठ्या चांदीच्या नाण्यांवर जागा जास्त म्हणून पदव्याही लांबलचक, ‘महाराजाधिराज मिरजां महाराउ श्री’ वगैरे, त्यातला मिरजां हा मुघली मान. लहान तांब्यावर एवढं मावत नाही.

चित्र म्हणाल तर राजाचा मुखडा नसतो. ब्रिटिश इंडियाच्या नाण्यावर जॉर्जचं डोकं असायचं, कच्छने ते घेतलं नाही, फक्त अक्षरं. कोरीवर बघितलं तर त्रिशूळ, चंद्रकोर आणि कट्यार ही तीन चिन्हं मात्र सापडतील, ती जाडेजांची ओळख. ही तीन चिन्हं दिसली की समजा कच्छ.

फारसी येत नसेल तरी अडत नाही. आकडे शिकून घ्या, एक म्हणजे उभी रेघ, शून्य म्हणजे नुसता ठिपका, नऊ तर इंग्रजी 9 सारखाच दिसतो. त्या बाजूला इसवी सन असतो. राजा कोणता हे सनावरूनच कळतं: १९३६ ते १९४७ मधलं असेल तर बहुतेक जॉर्ज सहावा. (बहुतेक म्हणालो कारण १९३६ ची एक वेगळी भानगड आहे, ती खाली येतेय.)

एकाच नाण्यावर दोन सालं का? आणि ती जुळत का नाहीत?

फारसी बाजूला इसवी सन, नागरी बाजूला विक्रम संवत. उदाहरणार्थ १९४३ आणि २०००. बरेच जण सरळ ५७ वजा करतात, मग काही नाण्यांवर एका वर्षाचा फरक आला की विचारतात, नाणं खोटं आहे का.

खोटं नाही. कच्छचं नवं वर्ष गुजरातसारखं दिवाळीच्या पाडव्याला सुरू होत नाही आणि आपल्यासारखं गुढीपाडव्यालाही नाही, ते सुरू होतं आषाढी बीजेला, म्हणजे आषाढ शुद्ध द्वितीयेला, आपल्या आषाढी एकादशीच्या आधी आठ-नऊ दिवस. त्यामुळे संवत २००० म्हणजे १९४३ च्या जून-जुलैपासून १९४४ च्या जून-जुलैपर्यंत. एकाच इसवी सनाच्या नाण्यावर दोन वेगळे संवत येऊ शकतात, वर्षाच्या पहिल्या अर्ध्यात एक, दुसऱ्यात दुसरा. मला तर हे वरदानच वाटतं कारण दोन्ही सालं एकत्र वाचली की नाणं वर्षाच्या कोणत्या अर्ध्यातलं ते कळतं, एवढी सोय ब्रिटिश इंडियाच्या नाण्यातही नाही.

काही नाण्यांना मधे भोक का आहे?

युद्ध. १९४३ मध्ये तांबं मिळणं मुश्कील झालं, ब्रिटिश सरकारने स्वतःचा पैसाच भोकाचा केला, तो ‘भोकाचा पैसा’ आपल्या घराघरात सापडतो. हैदराबादनेही त्याच सुमाराला बारीक नाणं भोकाचं काढलं. कच्छनेही काही तांब्याची नाणी मधे गोल भोक ठेवून काढली. धातू वाचतो आणि दोऱ्यात ओवून ठेवता येतात.

भोक मूळचं की नंतर कोणी पाडलंय हे बघायचं असेल तर अक्षरांकडे बघा, मूळच्या भोकाभोवती कड असते आणि अक्षरं त्याला वळसा घालून लिहिलेली असतात, कोणी खिळ्याने पाडलं असेल तर अक्षर मधेच तुटतं.

एडवर्ड आठव्याचं नाणं कच्छने काढलं होतं हे खरं का?

हो, आणि ही कच्छच्या नाण्यांमधली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट आहे. एडवर्ड आठवा २० जानेवारी १९३६ ला गादीवर आला आणि ११ डिसेंबरला त्याने गादी सोडली, वर्षभरसुद्धा नाही. ब्रिटिश इंडियाने त्याच्या नावाचं चलनातलं नाणं काढलंच नाही, इंग्लंडमध्येही नीट चलनात आली नाहीत. पण भुजच्या टांकसाळीने त्याचं नाव घालून नाणी पाडली, कोरी, अडीच कोरी, पाच कोरी आणि तांब्याचा तीन दोकडाही. कसं जमलं? कारण सोपं आहे, कच्छच्या नाण्यावर चेहरा नव्हता. चेहरा असला की लंडनहून चित्र येणार, मंजुरी होणार, मग ठसा बनणार. इथे फक्त फारसीत एक नाव बदलायचं होतं. जोधपूरनेही त्याच्या नावाची नाणी काढली. जगात ज्या थोड्या ठिकाणी या राजाच्या नावाचं नाणं खरोखर निघालं त्यात आपलं भुज आहे.

या नाण्यांना परदेशात फार मागणी आहे म्हणून चांदीची एडवर्डवाली नाणी नकलीही खूप फिरतात. त्या मानाने तीन दोकडा परवडतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की सामान्य माणसाने घ्यायचं तर तांबंच घ्यावं.

‘जय हिंद’वाली नाणी कोणती?

आता येतो मुद्द्यावर. तारखांची साखळी बघा.

खेंगारजी तिसरे, पासष्ट वर्षांहून जास्त राज्य केलेले, जानेवारी १९४२ मध्ये गेले. त्यांच्यानंतर विजयराजजी. ऑगस्ट १९४७ मध्ये विजयराजजी औषधोपचारासाठी लंडनला होते, त्यामुळे सामीलनाम्यावर (भारतात सामील व्हायच्या करारावर) १६ ऑगस्ट १९४७ ला त्यांच्या वतीने युवराज मदनसिंहजींनी सही केली. २६ फेब्रुवारी १९४८ ला विजयराजजी वारले आणि मदनसिंहजी महाराव झाले. १ जून १९४८ ला कच्छचा कारभार भारत सरकारने हातात घेतला. म्हणजे मदनसिंहजींना गादी मिळाली ती तीन महिन्यांच्या आसपास.

आणि त्यांच्या नावाची नाणी आहेत! संवत २००४ ची. जिथे चार पिढ्या व्हिक्टोरिया, एडवर्ड, जॉर्ज यांची नावं फारसीत येत होती ती जागा रिकामी झाली होती, तिथे काय लिहायचं हा प्रश्न टांकसाळीपुढे आला असणारच, आणि लिहिलं काय तर ‘जय हिंद’. चांदीच्या कोरीवर आहे, तांब्याच्या ढबूवरही आहे. संवत २००४ म्हणजे कच्छच्या हिशेबाने जून १९४७ ते जुलै १९४८, पारतंत्र्याचे शेवटचे आठवडे आणि संस्थानचा शेवट दोन्ही या एका संवतात बसतात. त्यामुळे २००४ एवढं वाचून थांबू नका, नाव आणि जय हिंद दोन्ही बघा.

तुलनेसाठी, स्वतंत्र भारताचं तिरंग्याचं पोस्टाचं तिकीट ज्यावर जय हिंद लिहिलंय ते २१ नोव्हेंबर १९४७ चं. पण स्वतंत्र भारत सरकारची स्वतःची, अशोकस्तंभाची नाणी १९५० ला आली, तोपर्यंत जॉर्जच्या काळातलीच सरकारी नाणी चालत होती. म्हणजे भुजच्या बाजारात ज्या दिवशी कोणी जय हिंदचा ढबू देऊन भाजी घेत असेल त्या दिवशी मुंबईत आणि पुण्यात माणसं जॉर्ज सहाव्याच्या काळातलाच पैसा देत होती. मला यातली भावना शब्दात नीट सांगता येत नाही, पण एका संस्थानिकाच्या नावापलीकडे, त्याच नाण्याच्या पाठीवर देशाचा जयजयकार, आणि तोही दोन पैशांच्या तांब्यावर, गरिबातल्या गरिबाच्या हातात जाणाऱ्या नाण्यावर! संस्थानांचं विलीनीकरण म्हटलं की आपल्याला करार, सह्या, फोटो आठवतात, पण लोकांपर्यंत ती बातमी चिल्लरीतूनही पोचली होती.

मग ही नाणी बंद कधी झाली आणि पुढे कच्छचं काय झालं?

जून १९४८ नंतर कच्छ हा चीफ कमिशनरचा प्रांत झाला आणि हळूहळू रुपया-आणे-पैने कोरीची जागा घेतली. मदनसिंहजी पुढे परराष्ट्र सेवेत गेले, नॉर्वेमध्ये भारताचे राजदूत होते. १ नोव्हेंबर १९५६ ला कच्छ द्विभाषिक मुंबई राज्यात आलं, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाल्यावर गुजरातमध्ये गेलं. म्हणजे साडेतीन वर्षं भुज आणि कोल्हापूर एकाच राज्यात होते, हे आपल्याकडे कितीजणांना आठवतं माहीत नाही. त्याच काळात, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले.

ही नाणी महाराष्ट्रात एवढी कशी सापडतात?

कच्छी माणूस आणि मुंबई यांचं नातं सांगायला नको. मस्जिद बंदर, भात बाजारातले धान्याचे व्यापारी, मुलुंड-घाटकोपरला राहणारी कच्छी कुटुंबं, पिढ्यान्‌पिढ्या इथे आहेत. गावाहून येताना खिशात आलेली चिल्लर मुंबईत चालत नव्हती, मग ती डब्यात राहिली. शिवाय कोऱ्यांना कडी लावून दागिन्यात ओवायची पद्धत होती, आपल्याकडे पुतळ्यांची माळ तसं. म्हणून कडीची खूण असलेल्या कोऱ्या सराफाकडे पुष्कळ येतात.

आपल्या मराठी संस्थानांनी अशी शेवटपर्यंत नाणी काढली का?

ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी काढली, जिवाजीरावांच्या नावाचा तांब्याचा पाव आणा आणि पितळी अर्धा आणा १९४२ चा आहे. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची १९३५ ची तांब्याची नाणी आहेत. बडोद्याच्या गायकवाडांची नेहमीच्या व्यवहारातली चांदी-तांब्याची नाणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी थांबली. धार आणि देवासच्या पवारांसाठी तर इंग्रजांच्या टांकसाळीतूनच व्हिक्टोरियाचा मुखडा असलेली नाणी पाडून आली, १८८७-८८ च्या सुमाराला. इतकी सलग, दर राजाच्या बदलाबरोबर बदलणारी आणि अगदी शेवटच्या महिन्यांपर्यंत पोचणारी मालिका मात्र कच्छचीच.

माझ्याकडे एक आहे, किती पैसे मिळतील?

झिजलेल्या त्रांबियो-दोकडोचे फार मिळणार नाहीत, हे आधीच सांगतो. भाव ठरतो तो अवस्थेवर (अक्षरं किती ठसठशीत), सालावर, आणि नाव कोणाचं त्यावर. जॉर्ज सहाव्याचं तांबं सर्रास मिळतं. जय हिंद आणि एडवर्ड यांना मागणी जास्त. इंटरनेटवर ‘जुनं नाणं द्या लाखो रुपये घ्या’ असे व्हिडिओ फिरतात, त्यात आधी रजिस्ट्रेशन फी भरा म्हणतात, एक रुपयाही भरू नका, ती शुद्ध फसवणूक आहे. नाणं विकायचंच असेल तर दोन-तीन जाणकार व्यापाऱ्यांना दाखवा, नाण्यांच्या प्रदर्शनात घेऊन जा. विकायची गरज नसेल तर ठेवा, घरातल्या मुलांना दाखवा.

खरं-खोटं कसं ओळखायचं?

तांब्याची नक्कल करून कोणाला फार फायदा नाही म्हणून तिकडे भीती कमी. कोरीबाबत आधी वजन करा, सोनाराकडच्या काट्यावर, ४.७ ग्रॅमपासून फार लांब असेल तर संशय घ्या (झीज आणि कडी काढल्याचा फरक सोडून). मग भिंगातून बघा. ओतीव नकलेत पृष्ठभागावर बारीक बारीक खड्डे दिसतात आणि अक्षरांच्या कडा गुळगुळीत, विरघळल्यासारख्या असतात, ठशाने पाडलेल्या नाण्यात त्या धारदार असतात. कडेवर सगळीकडून फिरणारी बारीक जोडरेघ दिसली तर परत ठेवून द्या. आणि दोन्ही बाजूंची सालं एकमेकांशी बसतात का ते वर सांगितलेल्या आषाढी बीजेच्या हिशेबाने तपासा, नकली करणारे बरेचदा इथेच चुकतात, एका नाण्याची एक बाजू आणि दुसऱ्याची दुसरी जोडतात.

चिंच किंवा पितांबरी लावून चकचकीत करू का?

नका करू, कृपा करून. देवघरातल्या तांब्याभांड्याला चिंच ठीक आहे, नाण्याला नाही. तांब्यावर वर्षानुवर्षं जमलेला तो तपकिरी थर नाण्याचं संरक्षण करतो आणि त्याचीच किंमत असते, एकदा घासून गुलाबी केलं की परत येत नाही आणि जाणकार माणूस हात लावत नाही. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा, मऊ कापडाने नुसतं टिपा, घासू नका. हिरवी पावडर सुटत असेल तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून चिकट हिरवं काहीतरी नाण्यावर उतरतं, आपल्या दमट कोकण-मुंबईच्या हवेत तर लवकरच. कागदी होल्डर बरे, आणि नाणं नेहमी कडेला धरून उचला.

परदेशातल्या नातेवाइकांना पाठवता येतं का?

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी नाणी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. १९३६ ते १९४८ मधली अजून त्यात बसत नाहीत. पण आधीच्या रावांची, व्हिक्टोरियाच्या नावाची कच्छची नाणी त्यात बसतात, दोन्ही एकाच पुडीत घालून पाठवू नका. नियम बदलू शकतात म्हणून पाठवायच्या आधी चौकशी करा.

प्रत्यक्ष कुठे बघायला मिळतील?

भुजचं कच्छ म्युझियम, १८७७ चं, गुजरातमधलं सगळ्यात जुनं, तिथे कोऱ्यांचा संग्रह आहे. रणोत्सवाला जाणारे मराठी पर्यटक पांढरं रण बघून फोटो काढून परत येतात, अर्धा दिवस भुजला ठेवा ना. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं म्युझियम आहे, भारतातल्या सगळ्या काळातली नाणी तिथे नीट मांडलेली आहेत. जास्त खोलात जायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्थाच आहे.

नवीन सुरुवात करतोय, काय काय घेऊ?

एक तांब्याचा पूर्ण जिना लावा: त्रांबियो, दोकडो, ढिंगलो, ढबू, जमल्यास सगळे विजयराजजींच्या काळातले, संवत १९९९ ते २००४ मधले. खर्च फार नाही आणि चारही शेजारी ठेवली की तो ४८-२४-१६-८ चा हिशेब एका नजरेत समजतो. मग एक साधी जॉर्ज सहाव्याची कोरी. मग मदनसिंहजींचा जय हिंदचा ढबू, तो मिळेल त्या अवस्थेत घ्या पण अक्षरं वाचता आली पाहिजेत. एडवर्डचा तीन दोकडा नंतर, सवडीने, आणि ओळखीच्या माणसाकडूनच. प्रत्येक नाण्याबरोबर कुठून घेतलं, कधी घेतलं, दोन्ही सालं काय वाचली याची चिठ्ठी त्याच होल्डरला लावून ठेवा, आणि घरातून मिळालेलं असेल तर कोणाच्या पेटीतून निघालं तेही लिहा.